अ‍ॅस्पेन आणि लांडगा: तुलना नेमकी कशाची?

अ‍ॅस्पेन हे थंड प्रदेशांतले झाड हजारो वर्षे जगते आणि लांडगा जेमतेम सहा-आठ, म्हणून झाडच वरचढ, असा मुद्दा मांडला जातो, तो मला पटत नाही, कारण 'एक झाड' कशाला म्हणायचे हे त्यात गृहीतच धरले आहे. अ‍ॅस्पेनचे एकेक खोड साधारण शंभर-दीडशे वर्षांत मरते. टिकतात ती जमिनीखालची मुळे, ज्यांतून नवे धुमारे फुटत राहतात. अमेरिकेतील युटा राज्यातले 'पांडो' हे सुमारे ४३ हेक्टरांवरचे, चाळीस हजारांहून अधिक खोडांचे जंगल जनुकीयदृष्ट्या एकच नर झाड आहे. लांडग्यांची वयात आलेली पिल्ले मात्र बहुधा कळप सोडून दूरवर जोडीदार शोधतात, त्यामुळे तिथे दर पिढीत जनुकांची सरमिसळ होते.

झाडाला पळता येत नाही, ही बाबही किरकोळ नव्हे: एल्क हरणे धुमाऱ्यांचे कोवळे शेंडे खुडत राहिली, तर ते वर्षानुवर्षे गुडघाभरच राहतात. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ साली एल्कची शिकार करणारे लांडगे पुन्हा सोडल्यानंतर काही ठिकाणी हे धुमारे उंच वाढले, हे खरे. पण सगळे श्रेय लांडग्यांना देणे घाईचे ठरेल, कारण अस्वले, प्यूमा (मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी) आणि माणसे करत असलेली शिकारही एल्कची संख्या घटवत होती.