थ्रीडी प्रिंटरमधून निघालेली गोळी: औषध कधी सुटावं हे आकारानं ठरवायचं का?

मिलिमीटर:
थ्रीडी प्रिंटिंगनं केलेल्या गोळ्यांबद्दल बरंच वाचून झालंय आणि माझं मत पक्कं झालंय, ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल खोडून काढा. औषध पोटात किती वेगानं सुटावं हे आजवर मुख्यतः दोन गोष्टींवर ठरायचं, ते कशात मिसळलंय आणि वरून कसलं कोटिंग दिलंय. प्रिंटरमुळे गोळीचा आकार आणि तिच्या आतली पोकळीसुद्धा आपल्या हातात आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटानं २०१५ मध्ये पॅरासिटामॉल घातलेल्या एकाच पॉलिमरपासून (प्लास्टिकसारखा पदार्थ) घन, पिरॅमिड, दंडगोल, गोल आणि मधे भोक असलेली कड्यासारखी अशा गोळ्या छापल्या. पृष्ठभाग सगळ्यांचा सारखा ठेवला तरी पिरॅमिडमधून औषध सगळ्यात भरभर सुटलं, कारण आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग किती यावर वेग ठरत होता.

मला स्वतःला ती कड्याची गोळी सगळ्यात भारी वाटते. साधी गोळी विरघळत जाते तशी लहान होते, पृष्ठभाग घटतो, मग औषध सुटणंही मंदावतं. कडं बाहेरून झिजतं तेव्हा आतलं भोक मोठं होत जातं, म्हणजे एकीकडे जेवढा पृष्ठभाग गेला त्यातला बराचसा दुसरीकडे भरून निघतो आणि वेग टिकतो. हे नुसत्या भूमितीनं होतंय, वेगळं रसायन लागत नाही!

जुना कॉम्प्रेशनवाला:
भूमिती मान्य. पण हे काम आम्ही आधीपासून करतोय हो. ऑस्मोटिक गोळ्या १९८० च्या दशकापासून बाजारात आहेत, लेसरनं पाडलेल्या एका बारीक भोकातून औषध जवळपास दिवसभर एकसारखं बाहेर येतं. एचपीएमसीचा मॅट्रिक्स घ्या, म्हणजे सेल्युलोजपासून केलेल्या पॉलिमरमध्ये मिसळलेलं औषध, पाणी लागलं की जेल होतो आणि औषध धरून ठेवतो, स्वस्त आणि खात्रीचा. आणि पावडर दाबून गोळ्या करणारं आमचं मशीन, म्हणजे प्रेस, तासाला लाखाच्या घरात गोळ्या पाडतं, तुमचा नोझलचा प्रिंटर पॉलिमरची तार वितळवून थरावर थर देत बसतो, त्याला एका गोळीला काही मिनिटं लागतात.

दुसरं म्हणजे उष्णता. त्याच लंडनच्या गटानं ४-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड हे औषध २१० अंश सेल्सिअसवर छापलं तेव्हा जवळपास निम्मं औषध छापतानाच खराब झालं. हे कुणी सांगत नाही. आणि अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामकाची, मान्यता मिळालेली पहिली छापील गोळी म्हणजे २०१५ ची स्प्रिटाम, ती तर घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते. म्हणजे सावकाश सुटण्याच्या अगदी उलट!

मिलिमीटर:
दादा, स्प्रिटाम उलट माझ्याच बाजूनं बोलते. तिच्यात १००० मिलिग्रॅमपर्यंत औषध आहे आणि तरी ती लगेच विरघळते, कारण पावडरचे थर द्रवानं चिकटवत नेलेत, दाबलेलेच नाहीत, त्यामुळे आत सगळीकडे बारीक छिद्रं. एवढा मोठा डोस दाबून केलात तर तो इतक्या झटकन फुटेल का? सुटण्यावर ताबा म्हणजे फक्त उशीर नव्हे.

उष्णतेचं खरंय, पण त्याच अभ्यासात ५-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड टिकलं हेही सांगा ना. ज्या औषधाला उष्णता सोसत नाही ते पेस्ट करून साध्या तापमानाला छापता येतं. नॉटिंगहॅममध्ये २०१५ लाच अशी एक गोळी केली, पाच औषधांची, अ‍ॅस्पिरिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लगेच सुटणारे आणि बाकीची तीन आपापल्या कप्प्यातून सावकाश. एका गोळीत दोन वेळापत्रकं.

क्यूसीवाली:
मी गोळ्या तपासण्याच्या बाजूला काम करते, मला आकाराचं वाकडं नाही, मला थरांची भीती वाटते. डिसोल्युशनला, म्हणजे औषध कसं सुटतं याच्या चाचणीला, गोळी द्रवाच्या भांड्यात टाकतो, पॅडल फिरतं, ठरल्या वेळी नमुने काढून औषध मोजतो, आणि शेवटी ती गोळी संपलेली असते. बॅचमधल्या काही गोळ्या अशा खर्ची घालून बाकीच्यांबद्दल बोलता येतं. पण एकाच पेशंटसाठी थोड्याच गोळ्या छापल्या तर खर्ची कुठली घालायची? इन्फ्रारेडनं न फोडता औषध किती आहे ते कळतं, पण सुटेल कसं ते त्यातून थेट दिसत नाही. एक थर नीट चिकटला नसला की पाणी फटीतून आत शिरणार आणि बारा तासांचं औषध तास-दोन तासांत बाहेर. याला डोस डम्पिंग म्हणतात आणि ज्या औषधात पुरेसा डोस आणि विषारी डोस जवळजवळ असतात तिथे हे जिवावर बेततं.

मुलाची आई:
मला यातलं तांत्रिक फार कळत नाही पण माझा मुलगा फिट्सच्या सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांवर आहे म्हणून लिहिते. वजन वाढलं की डोस बदलतो, पण तेवढ्याची गोळी मिळत नाही, आणि पाकिटावर स्पष्ट लिहिलंय की चावू नका चुरू नका. मग डॉक्टर जवळची ताकद देतात, जरा कमी नाहीतर जरा जास्त, आणि ती त्याला गिळवत नाही. जास्त झालं की मुलगा दिवसभर पेंगतो, कमी झालं की मी रात्रभर जागी. मशीन तासाला किती गोळ्या पाडतं याचा मला काय उपयोग, माझ्या मुलाला लागते ती त्यात नाहीच.

जुना कॉम्प्रेशनवाला:
ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण यावर मिनी टॅब्लेट हा उपाय आहे, दोन-तीन मिलिमीटरच्या गोळ्या, प्रत्येकीवर कोटिंग, वजनाप्रमाणे मोजून द्यायच्या. तपासलेल्या बॅचमधल्या असतात. कंपन्या लहान मुलांसाठी त्या पुरेशा करत नाहीत हा दोष धंद्याचा, तंत्राचा नाही.

मिलिमीटर:
धंद्याचा दोष चाळीस वर्षांत सुटला नाही तर पेशंटनं थांबायचं किती? स्पेनमध्ये सँतियागोच्या हॉस्पिटलात दुर्मिळ चयापचयाच्या आजारातल्या मुलांसाठी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाचे डोस तिथेच छापून दिले, २०१९ मध्ये छापून आलंय. ब्रिटननं तर २०२५ मध्ये पेशंटजवळच औषध बनवण्यासाठी वेगळे नियम लागू केलेत.

क्यूसीवाली:
स्पेनमधले डोस चावून खायचे होते, बारा तास सावकाश सुटणारे नव्हते, हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे. ताई, तुमच्या मुलाला हवी ती गोळी नेमकी सगळ्यात अवघड प्रकारातली आहे. हॉस्पिटलातल्या प्रिंटरवर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी, फिलामेंटची, म्हणजे त्या पॉलिमरच्या तारेची, रिळं बदलून छापलेल्या गोळ्यांचे डिसोल्युशनचे कर्व्ह, म्हणजे किती वेळात किती औषध सुटलं याचे आलेख, एकावर एक बसलेले दाखवा, मी स्वतः सही करीन. तोवर जलद सुटणारं छापा, सावकाश सुटणारं प्रेसवरच राहू द्या.

मुलाची आई:
मग ते कर्व्ह काढायला कुणी बसलंय का, एवढं तरी सांगा.