कालवडीला मिल्क रिप्लेसरवर कसं आणायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात आमचा छोटा गोठा आहे, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायींचा. सध्या दोन कालवडी आहेत: थोरली महिन्याची, धाकटी दोन आठवड्यांची. दोघी ठेवायच्याच आहेत. बाजारातून आणलेल्या गायीपेक्षा घरची कालवड कधीही भरवशाची.

अडचण दुधाची आहे. वजनाच्या दहा टक्के धरलं तरी दोघींना रोज सात लिटरच्या आसपास दूध लागतं. दूध संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) जो दर मिळतो त्यात पेंड-मुरघासाचा खर्च जेमतेम निघतो, म्हणून थोरलीला रिप्लेसर, म्हणजे दुधाऐवजी पाण्यात कालवून पाजायची पावडर, सुरू केलं. लिटरला १२५ ग्रॅम पावडर, कोमट पाण्यात, दोन वेळा. निम्मं दूध, निम्मं रिप्लेसर. लगेच पातळ हगवण लागली. परत दुधावर आणल्यावर शेण बांधून आलं.

चीक जन्मल्यावर तासाभरातच पाजला होता. जंताचं औषध झालंय. ताप नाही, पिण्यात जोर आहे. डॉक्टरांनी तपासलं, आजार दिसत नाही म्हणाले. बादली रोज गरम पाण्याने धुतो. काफ स्टार्टर (वासरांचा कोरडा खुराक) समोर असतं, पण मूठभरच खाते. पिशवीवरच्या घटकांत दूध पावडरीबरोबर सोयाही लिहिलंय, माझा संशय त्यावरच आहे.

ज्यांनी स्वतः रिप्लेसरवर कालवडी वाढवल्या आहेत त्यांनी कृपया सांगा: सोया नसलेली पावडर घेऊन पाव भागापासून हळूहळू वाढवू, की रोज किलोभर स्टार्टर खाईपर्यंत दूधच चालू ठेवू? आणि धाकटीला कितव्या आठवड्यापासून सुरू करावं?