गांजा ओढणाऱ्या पोराला आधी ठाणं की आधी दवाखाना?

नाल्यापलीकडचा (यवतमाळ जिल्हा)
पोळ्याच्या आठवड्यात माझ्या पुतण्याला नाल्याजवळ पोलिसांनी पकडलं. वय १९, हातात चिलीम, खिशात एक पुडी. गुन्हा नोंदला, जामीन झाला. आठव्या दिवशी पोरगा पुन्हा नाल्यावर. भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रोडवर धावायचा, ते मात्र कायमचं सुटलं. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात कलम ६४-अ आहे. थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. गांजाच्या बाबतीत थोडा म्हणजे १ किलोपर्यंत. आम्हाला हे ना ठाण्यात कोणी सांगितलं, ना वकिलाने. ओढणाऱ्याला आधी दवाखान्यातच न्यायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वर्धेची काकू
दादा, दुःख समजते मले, पण पटत नाही. आमच्या गावात शाळेजवळच्या पानठेल्यावर खर्र्याच्या पन्न्यांखाली पुड्या राहत. आम्ही बाया तीनदा गेलो समजवाले. तो हात जोडे, अन् दुसऱ्या दिवशी तेच. जमादारानं धाड टाकली तवाच ठेला उठला. ज्या पोट्ट्याले अजून लागलीच नाही, त्याले वाचवणारा पोलीसच हाय. दवाखाना मागून येते.

नाल्यापलीकडचा
काकू, ठेलेवाल्याला सोडा असं मी कुठं म्हणतो? आमच्याकडे तो मोकळाच आहे, पकडला गेला तो गिऱ्हाईक.

रिटायर जमादार
२८ वर्षं नोकरी केली, म्हणून बोलतो. नाल्यावरचं पोरगं सापडणं सोपं. विकणारा माल अंगावर ठेवतच नाही. ठेवला तरी अंगझडतीआधी त्याला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. कलम ५०. तिथं चूक झाली की केस पडते. वरून झडतीचा साक्षीदार म्हणजे पंच गावातलाच, कोर्टात उलटतो. मग ठाण्याचा आकडा चिलमीवाल्यांवर भरतो. हे चूक आहे, मी स्वतः केलेलं आहे.

चांदा
आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी आली, २०२१ ला उठली. मधल्या काळात गुन्हे भरपूर नोंदले गेले, पण बाटली घरपोच मिळत होती. नुसत्या पोलिसावर भिस्त ठेवू नका.

वर्धेची काकू
मंग काय, पोलिसानं घरी बसावं? आमच्या जिल्ह्यात दारूबंदी कित्येक वर्षांपासून हाय. चोरून विकतात हे खरं, पण पोट्ट्यांच्या डोळ्यासमोर दुकान तरी नाही.

नाल्यापलीकडचा
सोमवारी पुतण्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात जातोय. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनलाही फोन लावतो. जमादार साहेब, कलम ६४-अ चा अर्ज कोणाकडे द्यायचा?

रिटायर जमादार
वकिलामार्फत कोर्टात. उपचार सुरू झाल्याचा कागद जोडा, एक प्रत तपास अधिकाऱ्याला द्या.

वर्धेची काकू
अन् पुडी कोणं देल्ली, ते त्या पोट्ट्याले इचारून तपास अधिकाऱ्याले लिहून द्या.