मदत हवी आहे: एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) स्टेम सेल घेतलंय का कुणी?

घाईत_पुणेकर: बायकोला एमएस आहे, चालणं फार कमी झालंय. एका सेंटरने स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवलीत. पॅकेज साडेसहा लाख, शुक्रवारपर्यंत अ‍ॅडव्हान्स भरला तर सूट. फरक पडतो का? कृपया 'डॉक्टरांना विचारा' नको, विचारून झालंय.

रानमांजर: मग ते काय म्हणाले? अटॅक येऊन जातात की हळूहळू वाढतोय? आधार लागतो का?

घाईत_पुणेकर: एमएस म्हणजे एमएस हो. वय ४१. फरक पडतो का ते सांगा.

शमिका_ठाणे: अटॅक येतात की हळूहळू वाढतो, तिथेच तर मेख आहे. एचएससीटीत (रक्ताच्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण) केमो देऊन प्रतिकारशक्ती पुसतात आणि स्वतःच्याच पेशींनी परत उभी करतात. शिकागोच्या डॉ. बर्ट यांच्या चाचणीत (२०१९, ११० पेशंट) चांगला गुण आला, पण ते सगळे अटॅकवाले. तुम्हाला विकतायत त्या बहुधा मेसेन्कायमल पेशी, म्हणजे बोन मॅरो, चरबी वगैरेंतून काढलेल्या वेगळ्या स्टेम सेल. न्यूयॉर्कच्या टिश एमएस संशोधन सेंटरने बोन मॅरोतल्या अशा पेशींपासून केलेली इंजेक्शनं ५४ जणांच्या चाचणीत पाठीतून दिली. मुख्य निकषावर प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनपेक्षा) सरस ठरली नाहीत. आधाराने चालणाऱ्यांत चाल थोडी सुधारली, इतकंच.

अण्णा_६२: पंचकर्म करा. आमचे साडू बस्ती घेऊन तीन महिन्यांत पर्वती चढले.

रानमांजर: साडूंना एमएस होता?

अण्णा_६२: सायटिका. पण नस ती नसच ना!

रानमांजर: धन्य आहात.

बाबूराव_नाशिक: २०१६च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढून घ्या.

रानमांजर: ते कुणी विचारलंय?

बाबूराव_नाशिक: न विचारता सांगितलं. बिघडलं काय?

फिजिओताई: फॅम्प्रिडिन ही गोळी देऊन पाहिली का? खास चालण्यासाठीच आहे, अमेरिकेत २०१० पासून. १० मिग्रॅ, दिवसातून दोनदा. सगळ्यांना लागू पडत नाही, पण दोनेक आठवड्यांत कळतं. आधी पंचवीस फूट चालायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजून ठेवा.

शमिका_ठाणे: आणि सेंटरला सीटीआरआय नंबर (सरकारी यादीतला ट्रायलचा नोंदणी क्रमांक) मागा. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) नियमांत या पेशी फक्त मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच देता येतात. ट्रायलला पॅकेज आणि सूट कसली?

घाईत_पुणेकर: मागितला. 'सर, आधी अ‍ॅडव्हान्स भरा, मग फाइल बनते' म्हणाली रिसेप्शनची बाई. आमचे न्यूरो नकोच म्हणाले होते. अटॅक नाहीत, हळूहळू वाढतोय, वॉकर लागतो. ती फॅम्प्रिडिन उद्या मेडिकलमधून आणू का?

फिजिओताई: थांबा, परस्पर नको! चिठ्ठीशिवाय नाही. तिला कधी फिट आली होती का? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आहे?