हॅरॉल्डचा जांभळा खडू: पिक्चर बघून मलाच वाईट वाटलं का?

पुस्तकवेडी
'हॅरॉल्ड अँड द पर्पल क्रेयॉन' (२०२४ चा) शेवटी काल लेकीसोबत बघितला आणि तेव्हापासून मन खट्टू झालंय, म्हणून विचारतेय. क्रॉकेट जॉन्सनचं हे पुस्तक १९५५ चं, आमच्याकडे जवळजवळ वर्षभर रोज रात्री वाचलं गेलंय. चित्रं म्हणजे काय तर मोकळं पान, झोपायच्या कपड्यातलं एक टकलू पोर आणि जांभळी रेघ, बस, हॅरॉल्ड खडूने जे काढेल ते खरं होतं. त्यात ते ड्रॅगनचं पान आहे ना, सफरचंदांची राखण करायला हॅरॉल्ड स्वतःच ड्रॅगन काढतो आणि तो एवढा भयंकर निघतो की हाच घाबरून मागे मागे सरकायला लागतो, पाठीमागे धरलेला हात थरथरतो, त्यात खडू तसाच, त्या थरथरीच्या लाटा होतात आणि कळायच्या आत पोरगं समुद्रात! हे मला कधी दिसलंच नव्हतं हो, लेकीने बोट ठेवून दाखवलं, "आई बघ, हाताने पाणी झालं". पिक्चरमध्ये असा एक क्षण मी शेवटपर्यंत शोधत होते. हॅरॉल्ड मोठा माणूस होऊन खऱ्या जगात येतो, हवं ते काढतो, वस्तू हजर. माझ्याच अपेक्षा जास्त होत्या का?

रात्रपाळी
अजिबात नाही. अडचण तिथेच आहे, पुस्तकात खडू म्हणजे जादूची कांडी नाहीये, रेघ मारली की ती निस्तरावी पण लागते. समुद्र झाला तर होडी काढा, डोंगराची एकच बाजू काढली आणि पलीकडे पाय घसरला तर पडता पडता फुगा काढा. पोराचं डोकं कसं चालतं ते त्या रेघेत दिसतं. पिक्चरवाल्यांना दीड तास भरायचा म्हणून खलनायक लागला, मग तो लायब्ररीतला माणूस, त्याला खडू हवा, मग शेवटी मारामारी. पुस्तकात खलनायकच नाही, भीती हॅरॉल्डने स्वतः काढलेली असते. दिग्दर्शक कार्लोस सालदान्हा मूळचा अ‍ॅनिमेशनचा, 'रिओ' त्याचाच, आणि सुरुवातीचा रेघांचा तुकडा खरंच सुंदर जमलाय. मला वाटलं होतं इथेच राहा की, कशाला बाहेर येताय.

शांत_वाचक
थोडं वेगळं मत. माझा मुलगा सहा वर्षांचा, त्याने पुस्तक पाहिलेलं नव्हतं, तो खळखळून हसला, मग वाईट तरी कसं म्हणू. आणि एक जागा मला लागली. हॅरॉल्ड ज्या गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याला शोधत असतो तो म्हणजे स्वतः लेखक, आणि तो आता नाही हे त्याला कळतं (जॉन्सन १९७५ मध्ये गेला). मुलगा एकदम गप्प झाला, मग म्हणाला, "मग आता गोष्ट कोण सांगणार?" पिक्चरने हा धागा धरून ठेवायला हवा होता. तिथून तो लगेच पळापळीकडे गेला याचं मलाही वाईट वाटलं.

बोरूटाक
चित्रपुस्तक छोटं असतं म्हणून पिक्चर फसतो असं म्हणतात ते मला पटत नाही. 'जुमांजी' पण चित्रपुस्तकच, जादूच्या पटाच्या खेळाचं, १९८१ चं, १९९५ च्या पिक्चरने बरंच काही बदललं पण फासा टाकला की भोगा आणि खेळ संपवल्याशिवाय सुटका नाही हा नियम सोडला नाही. 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' तर १९६३ चं, मोजून दहा वाक्यं! स्पाइक जोन्झने २००९ मध्ये त्याचा पिक्चर केला, उदास आहे, पोरं कंटाळतात, पण त्यातल्या पोराचा, मॅक्सचा, राग त्यात जिवंत आहे. हाच जोन्झ नव्वदच्या दशकात हॅरॉल्डवर पिक्चर करायच्या खटपटीत होता, ते राहिलंच, ही हळहळ मला अजून आहे.

पुस्तकवेडी
सगळ्यांचे आभार, रात्रपाळी तुम्ही डोंगराचं म्हणालात म्हणून आज परत पुस्तक काढलं. यावेळी चंद्राकडे बघत गेलो. सुरुवातीला चंद्र नसतो म्हणून हॅरॉल्ड तो काढतो आणि मग पानोपानी तो चंद्र सोबत चालतो, शेवटी घर सापडत नाही तेव्हा त्याला आठवतं की आपल्या खिडकीतून कायम चंद्र दिसतो, मग चंद्राभोवती चौकट आखली की झाली खोली! एवढं सगळं समोर असताना पिक्चरने हे का नाही घेतलं. आणि एक गंमत सांगते, शेवटी तो पांघरूण घेतो तिथे इंग्रजीत रेघ काढणं आणि पांघरूण ओढणं 'ड्रॉ' या एकाच शब्दात येतं, मी वाचताना सहज म्हटलं "हॅरॉल्डने पांघरूण ओढलं", तर लेक म्हणाली, "हो, खडूनेच ओढलं", आणि स्वतःचंही गळ्यापर्यंत ओढून घेतलं.