ब्लू बॅज नाकारला, मग तुम्ही काय केलंत? (अनुभव लिहा)

नमस्कार मंडळी. सासूबाईंचा ब्लू बॅजचा (ब्रिटनमधला अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) अर्ज नाकारल्याचं पत्र आलंय. वय ७६, दोन्ही गुडघे गेलेत, वॉकरशिवाय उठत नाहीत. माझी समजूत अशी की अटेंडन्स अलाउन्स (म्हातारपणी देखभालीसाठीचा सरकारी भत्ता) मिळतोय म्हणजे बॅज आपोआप मिळेल, तर तसं काही नसतं, त्या अलाउन्समध्ये चालण्याफिरण्याचा भाग धरतच नाहीत. आणि इंग्लंडात वर कुठे अपील नाही, ज्या कौन्सिलने (म्हणजे स्थानिक पालिकेने) नाही म्हटलं तिलाच परत बघा म्हणायचं. कोणी केलंय का? काय लिहिलंत? सविस्तर सांगा, नुसतं 'होईल हो, धीर धरा' नको.

*

आमच्या बाबांचं सांगते. मिडलंड्समध्ये फाउंड्रीत आयुष्य गेलं, आता सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार. कौन्सिलने असेसमेंटला बोलावलं, फिजिओ मुलगी गोड होती, म्हणाली कसे आहात, तर बाबा म्हणे "नॉट टू बॅड". कॉरिडॉरमध्ये चालून दाखवा म्हटल्यावर आमचा हा गृहस्थ परेड असल्यासारखा न थांबता गेला आणि आला, कारण काय तर परक्या मुलीसमोर धापा टाकायच्या कशा! पत्र आलं, ८० मीटरच्या पुढे चालू शकतात, सबब अपात्र. गाडीत बसल्यावर पुढची २० मिनिटं त्यांना बोलता येत नव्हतं ते बघायला तिथे कोणी नव्हतं.

मग मी काय केलं, टेप घेऊन घरापासून पोस्टाच्या पेटीपर्यंतचं अंतर मोजलं आणि दोन आठवडे वहीत लिहिलं, कितव्या मीटरला थांबले, कशाला धरून उभे राहिले, श्वास परत जागेवर यायला किती वेळ गेला. जीपीकडून (आपला नेहमीचा डॉक्टर) पत्र आणलं, त्याचे पैसे वेगळे, आणि आत एकच ओळ की यांना सीओपीडी आहे. ते कौन्सिलला आधीच माहीत होतं! उपयोग झाला तो हॉस्पिटलच्या श्वसनविकार क्लिनिकच्या पत्राचा आणि वहीचा. अर्ज परत भरत बसले नाही, नकाराच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य घेतलं आणि त्याखाली आमचं म्हणणं लिहिलं. सहा आठवड्यांनी बॅज आला. आता बाबा तो डॅशबोर्डवर लावू देत नाहीत, म्हणतात लोक बघतात, तो वेगळा धागा काढावा लागेल.

*

वरच्या ताईंना +१. माझा मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम, पायाने एकदम धडधाकट, आणि तोच तर प्रॉब्लेम. डीएलएचा (अपंग मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मोबिलिटीचा, म्हणजे चालण्याफिरण्याचा, वरचा दर असता तर आपोआप मिळाला असता, आम्हाला खालचा. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडात न दिसणाऱ्या अपंगत्वालाही बॅज मिळतो, पण मी पहिल्या फॉर्मवर निदानच लिहीत बसले, रिपोर्टवर रिपोर्ट जोडले. नकार. त्यांना हवं होतं गाडीचं दार उघडल्यापासून दुकानाच्या दारापर्यंत काय होतं ते. फेरविचारात तेवढंच लिहिलं, हात सोडवून रस्त्यावर कसा धावतो, हॉर्न वाजला की जमिनीवर कसा आडवा पडतो, कानावरचे हेडफोन, गर्दी टाळून जाणं, दोघांनी मिळून नेणं हे सगळं करून झालंय आणि का पुरत नाही. शाळेने पण पत्र दिलं. मिळाला.

*

एक गंमत ऐका. पिपमध्ये (मोठ्यांसाठीचा अपंगत्व भत्ता) मला प्रवासाच्या प्रश्नाला १२ पॉइंट. नियमात आपोआप बॅज १० पॉइंटवाल्याला, तोही नेमका 'ई' डिस्क्रिप्टर (अडचणीचं ठरलेलं वर्णन) असेल तरच. १२ वाला 'एफ' त्या यादीतच नाही! जास्त मार्क मिळवून नापास होणारा मी पहिलाच कुलकर्णी असेन :D वेगळा पुरावा देऊन अर्ज करावा लागला.

*

सगळ्यांचं गोड होतं असं नाही. माझा दोनदा नाकारला, दुसऱ्यांदा तर कारणच धड दिलं नाही म्हणून ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी) गेलो. ते तुम्हाला बॅज द्यायचा का हे ठरवत नाहीत, कौन्सिलने निर्णय नीट पद्धतीने घेतला का एवढंच बघतात. कौन्सिलने परत असेसमेंट केली, या वेळी दोन पानी कारणं देऊन नाकारला. पुढच्या वर्षी खुबा आणखी बिघडला तेव्हा नवा अर्ज केला तो झाला.

*

अमेरिकेत अपंगांच्या पार्किंग परवान्याला डॉक्टरची सही हीच परीक्षा. २०० फूट न थांबता चालता येतं का, हा एक निकष. माझे डॉक्टर म्हणाले चालणं सोडू नका, सही देणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, रिपोर्ट बघून दिली.

*

पुण्याहून वाचतेय. तुमच्याकडे नाकारायला तरी काहीतरी आहे हो. माझ्याकडे यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) आहे, आणि मॉलमध्ये व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या जागेत रोज कोणाची तरी फॉर्च्युनर.

*

धागाकर्ती परत. वहीची आयडिया आजपासून सुरू. कौन्सिलला फोन करून असेसमेंटची नोंद मागवली, आज आली. त्यात लिहिलंय, "रोज सकाळी देवळात चालत जातात." मी सासूबाईंना विचारलं, अहो आई, कुठलं देऊळ? तर म्हणे, त्या बाईने फोनवर विचारलं सकाळी काय करता, देव्हाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून टेंपल म्हटलं.

देव्हारा जिन्याखाली आहे. आत्ता मोजली, १७ पावलं, मध्ये एकदा बसून.