मदत हवी आहे: हायस्कुलात चित्रकला आणि मातीकाम शिकवणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीत आहे. चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा रिकामीच. तो तास आता गणिताला जातो. गणित हवंच, पण हातांनाही काही शिकवायला नको का?

हेडमास्तर शनिवारचा एक तास द्यायला तयार आहेत. खानापूरची माती कौलांसाठी, मडक्यांसाठी नावाजलेली, कुंभारकामाचं केंद्रही गावातच. आणि आमच्या पोरांनी चाक फिरवलेलं नाही! मराठीतून शिकवणारे कुंभारदादा किंवा कलाशिक्षक कुणाच्या माहितीत आहेत का? मानधन पालक मिळून देऊ.

शिवाय, कर्नाटक बोर्डाच्या लोअर ग्रेड ड्रॉइंग परीक्षेला कुणाची मुलं बसली असतील, तर तयारी कशी करून घेतली तेही कृपया सांगा.